‘मग ती इतकी वर्षे गप्प का बसली?’

काही प्रश्न असे असतात की, ते विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते. प्रश्न विचारून झाला की विषय मिटला, असे तो धरून चालतो. ‘मग ती इतकी वर्षे गप्प का बसली?’ हा त्यांपैकीच एक. नोकरीच्या ठिकाणी वरिष्ठाने केलेल्या लैंगिक छळाची वाच्यता एखाद्या स्त्रीने केली रे केली की, हा प्रश्न आपल्या ओट्यांवर, लग्नघरांत, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आणि सुशिक्षितांच्या परिसंवादांतही हजर होतो. विचारणारे दुष्ट नसतात. त्यांत सुना-मुली असलेले सद्‌गृहस्थ असतात. उभा जन्म नोकरी केलेल्या स्त्रियाही असतात. म्हणूनच या प्रश्नाचा समाचार घेणे आम्हांला अगत्याचे वाटते, आणि तो घेण्यास एक चांगले निमित्त हाताशी आहे.

ते निमित्त म्हणजे ‘बॉम्बशेल’ हा अमेरिकन चित्रपट. २०१९ च्या डिसेंबरात तो तिकडे प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जे रोच, पटकथाकार चार्ल्स रँडॉल्फ. इंग्रजीत या शब्दाला दोन अर्थ आहेत : अकस्मात फुटणारा बाँबगोळा, आणि पुरुषांच्या नजरा खिळवून ठेवणारी रूपवती. नाव ठेवणाऱ्यांनी दोन्ही अर्थ जाणूनबुजून योजले आहेत, हे उघड आहे. चित्रपट आता घरबसल्या पाहता येतो आणि आपल्या तरुण मुलामुलींपैकी अनेकांनी तो पाहिलाही असेल. वडीलधाऱ्यांनी तो टाळला असेल तर त्याचे नाव व विषय ऐकूनच. आमच्या मते त्यांनीच तो अधिक पाहावा.

कथेचा गाभा खरा आहे. रूपर्ट मर्डोक यांच्या मालकीची ‘फॉक्स न्यूज’ ही वृत्तवाहिनी १९९६ साली सुरू झाली. तिला रूप दिले रॉजर एल्स यांनी. निक्सन, रेगन आणि थोरले बुश या तीन राष्ट्राध्यक्षांच्या प्रचाराचे तंत्र ज्यांनी हाताळले, असे हे गृहस्थ. वीस वर्षे ते त्या वाहिनीचे सर्वेसर्वा होते. कोणाला पडद्यावर आणायचे, कोणाला सकाळच्या मोक्याच्या वेळेवरून दुपारच्या ओसाड वेळेवर ढकलायचे, कोणाचा करार पुढे चालवायचा, हे सारे त्यांच्या इच्छेवर. ६ जुलै २०१६ रोजी ग्रेचन कार्लसन या वृत्तनिवेदिकेने त्यांच्यावर लैंगिक छळाचा दावा दाखल केला. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांत, २१ जुलैला, एल्स यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी सारे आरोप अखेरपर्यंत नाकारले, हेही येथे नोंदवले पाहिजे. परंतु दावा दाखल झाल्यावर वीसहून अधिक स्त्रियांनी आपापले अनुभव पुढे येऊन सांगितले. आणि त्या वाहिनीच्या मालक कंपनीने कार्लसन यांना दोन कोटी डॉलर दिले व जाहीर क्षमा मागितली. विनाकारण कोणी दोन कोटी डॉलर देत नाही.

हॉलिवुडच्या वाइनस्टीन प्रकरणाने जगभर खळबळ उडवली ती २०१७ च्या ऑक्टोबरात. कार्लसन यांचा दावा त्याच्या पंधरा महिने आधीचा आहे. म्हणजे ही बाई वाहत्या प्रवाहात शिरलेली नव्हती. तेव्हा प्रवाहच नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या स्त्रिया इतकी वर्षे गप्प का बसल्या?

पहिली गोष्ट अशी की, त्या गप्प बसल्याच नव्हत्या. कार्लसन यांच्या दाव्यात म्हटले आहे की, २००९ मध्येच त्यांनी सहनिवेदकाच्या अवमानकारक वागणुकीविषयी वरिष्ठांकडे तक्रार केली होती. तिचे फळ म्हणून त्यांनाच पुरुषद्वेष्टी ठरवण्यात आले आणि ‘पोरांशी’ जुळवून घ्यायला सांगण्यात आले. चित्रपटातील दुसरी प्रमुख स्त्री मेगन केली. त्या वाहिनीवरची सर्वांत झळकणारी निवेदिका. तिने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात लिहिले आहे की, दहा वर्षांपूर्वी ती नवखी असताना एल्स यांनी बंद दालनात तिच्याशी लगट करण्याचा प्रयत्न केला. तिने तो हाणून पाडला आणि ही गोष्ट एका वरिष्ठाच्या कानावर घातली. मिळाला तो सल्ला : साहेब तसे सज्जन आहेत, तू जरा त्यांना टाळत जा. तिसरी रूडी बख्तियार. हिची हकिकत चित्रपटात थोडक्यात येते, परंतु ती विसरता येत नाही. वरिष्ठाची अनुचित मागणी तिने नाकारली, रीतसर तक्रार केली, आणि २००७ मध्ये तिचीच नोकरी गेली. वर तडजोडीची रक्कम आणि तोंड बंद ठेवण्याची अट.

तेव्हा ‘ती गप्प का बसली’ हा प्रश्नच चुकीच्या दारावर थाप मारतो. तिने तोंड उघडले होते. ज्यांच्यापाशी उघडले, त्यांनी ते हलक्या हाताने पुन्हा मिटवले. त्या हलक्या हाताला आपल्याकडे समजूतदारपणा म्हणतात.

चित्रपटाचे सर्वांत मोठे सामर्थ्य त्याच्या एका प्रसंगात आहे. केय्ला नावाची तरुणी (ही व्यक्तिरेखा अनेकींच्या अनुभवांतून रचलेली, म्हणजे काल्पनिक आहे) अत्यंत धार्मिक ख्रिस्ती कुटुंबातून आलेली. तिच्या घरी हीच वाहिनी दिवसभर चालते. तिच्या आईवडिलांना ती आपल्या श्रद्धेची राखणदार वाटते. मुलीलाही वाटते की, पडद्यावर जाऊन आपण प्रभूचे काही काम करू. अशी ही मुलगी एल्स यांच्या दालनात जाते. बाहेर वयस्कर महिला सचिव बसलेली. आत म्हातारा, स्थूल, चालायला कष्ट पडणारा माणूस. तो प्रथम आपुलकीने बोलतो. मग म्हणतो, उभी राहा, गोल फीर. मग म्हणतो, हे दृश्य माध्यम आहे, तुझे पाय दिसले पाहिजेत, झगा थोडा वर घे. थोडा आणखी. आणखी. तो तिला स्पर्शही करीत नाही. आवाज चढवीत नाही. मार्गो रॉबी या अभिनेत्रीने त्या क्षणी चेहऱ्यावरचे आज्ञाधारक हसू हळूहळू विझत जाताना दाखवले आहे; ते पाहताना आपणच मान खाली घालतो. आणि यानंतर तो माणूस तिच्याकडे काय मागतो? निष्ठा. तू निष्ठावंत आहेस, याची मला खात्री पटव, असे तो सांगतो.

निष्ठा हा शब्द आम्हां धर्मगुरूंच्या नित्य वापरातला आहे. विवाहाच्या वेदीसमोर वधूवर तो उच्चारतात. दीक्षाविधीत आम्ही स्वतः तो उच्चारला आहे. त्या शब्दाला एका कार्यालयाच्या बंद दालनात आलेली ही दुर्गंधी असह्य आहे. परंतु थोडा विचार करावा : ती मुलगी नेमकी याच शब्दापुढे का हतबल होते? तिला आज्ञापालन शिकवले गेले आहे म्हणून. मोठ्यांचा मान राखावा, उलट उत्तर देऊ नये, उपकार स्मरावेत. हे संस्कार वाईट नाहीत. पण आपण मुलींना त्यांचा पूर्वार्धच शिकवतो. मोठा माणूस अधर्माने वागू लागला तर त्याचा मान तेथेच संपतो, हा उत्तरार्ध धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीदा सांगितला जातो?

येथेच दुसऱ्या एका आवडत्या आक्षेपाचे उत्तर मिळते. ‘मुली तोकडे कपडे घालतात, मग असे होणारच.’ सुज्ञ वाचकांनी हा चित्रपट पाहताना निवेदिकांच्या वस्त्रांकडे जरूर लक्ष द्यावे. तेथे तोकडा झगा हा मुलीचा नखरा नाही. तो मालकाचा हुकूम आहे. निवेदिकांसमोरची मेजे आरपार दिसणारी केलेली आहेत, ती उगीच नव्हेत. एल्स स्वतः नियंत्रण कक्षात दूरध्वनी करून पाय दिसतील असे चित्र घ्यायला लावतात. कार्लसन एक दिवस रंगभूषेविना पडद्यावर येते, तर त्यांचा संताप होतो. ज्याने झगा आखूड करवला त्याला कोणी विचारीत नाही. जिला तो घालावा लागला तिला मात्र वस्त्रमर्यादेचे प्रवचन! आणि हे सारे पाहणारा प्रेक्षक कोण होता? कुटुंबमूल्यांचा पुरस्कर्ता, रविवारी प्रार्थनेला जाणारा, केय्लाच्या घरासारखा. त्याने कधी वाहिनीला लिहून विचारले नाही की, बातम्या सांगायला पाय कशाला लागतात. (या चित्रपटाला ऑस्कर मिळाले तेही रंगभूषा व केशभूषेसाठी. योगायोगालाही विनोदबुद्धी असते.)

एकटा एल्स हे सारे करू शकला असता काय? नाही. चित्रपट पाहून आमच्या मनात जो राग साठला, तो त्या म्हाताऱ्यापेक्षा त्याच्याभोवतीच्या माणसांचा आहे. दालनाबाहेर बसणारी ती सचिव पाहा. तिला काहीच ठाऊक नसेल? जेस नावाची सहकारी आहे. केय्लाची मैत्रीण, मनाने चांगली. केय्ला तिला घडलेले सांगू पाहते, तर ती म्हणते, मला सांगू नकोस. तिला ठाऊक आहे की, ऐकले म्हणजे माहीत झाले आणि माहीत झाले म्हणजे जबाबदारी आली. या वाहिनीचा शिक्का बसल्यावर दुसरीकडे नोकरी मिळणार नाही, हेही तिला ठाऊक आहे. आम्हांला तिचा तिरस्कार वाटला नाही. घरभाडे भरणाऱ्या कितीतरी प्रामाणिक माणसांचे तोंड तिच्या तोंडात दिसले. पुढे दावा दाखल होताच कार्यालयातल्याच स्त्रिया साहेबांच्या समर्थनाचे सदरे वाटू लागतात आणि जी तो अंगावर घालत नाही तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. एका दृश्यात कार्लसन, केली आणि केय्ला या तिघी एकाच लिफ्टमध्ये एकत्र येतात. तिघींना एकच दुखणे. कोणी कोणाशी धड बोलत नाही. मजले सरतात, दार उघडते, ज्या त्या आपल्या वाटेने निघून जातात. लिफ्टमधील ते मौन भित्रेपणाचे नाही. वीस वर्षे पगार देऊन, करार करून, बढत्या वाटून आणि रोखून ते बांधून काढलेले आहे.

बांधून काढलेले हा शब्द आम्ही अलंकारिक अर्थाने वापरीत नाही. कार्लसन यांच्या नोकरीच्या करारातच अट होती की, कंपनीशी तंटा झाल्यास न्यायालयात न जाता खासगी लवादापुढे जायचे. आणि लवादाचे काम चार भिंतींआड चालते. म्हणून त्यांच्या वकिलांनी युक्ती केली : दावा कंपनीवर न करता एल्स या व्यक्तीवर केला. ती युक्ती सुचली नसती तर आज हे नाव कोणाला ठाऊक झाले नसते. शिवाय त्यांनी एल्स यांच्याशी झालेली संभाषणे दीर्घकाळ गुपचूप ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. त्यावर नाके मुरडणारे आहेत. ज्या घरात तक्रार ऐकणारा कान नाही, तेथे यंत्राच्या कानाचा आधार घेतला तर त्यात कपट कसले?

आणि तडजोड झाल्यावर? दोन कोटी डॉलर आणि क्षमायाचनेबरोबर गोपनीयतेचे बंधन आले. परिणामी जिच्या धैर्यावर हा चित्रपट उभा आहे, त्या ग्रेचन कार्लसन यांनाच चित्रपटाच्या कामात साहाय्य करता आले नाही, की पुढे त्यातले काय खरे व काय कल्पित, हे सांगता आले नाही. निकोल किडमन पडद्यावर कार्लसन म्हणून बोलते. खरी कार्लसन करारामुळे मुकी. जे लोक विचारतात की स्त्रिया का बोलत नाहीत, त्यांनी ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर दोन आकडे येतात. छळ झालेल्या स्त्रियांना मिळून पाच कोटी डॉलर मिळाले. एल्स आणि त्या वाहिनीचे दुसरे मातब्बर बिल ओरायली यांना निरोप देताना साडेसहा कोटी. ओरायली यांनीही आरोप नाकारले; तरी त्यांच्यासंबंधीच्या तक्रारी पैसे देऊन मिटवल्या गेल्या होत्या. त्यांतील एक तडजोड तीन कोटी वीस लाख डॉलरची होती आणि ती झाल्यानंतर वाहिनीने त्यांचा करार नव्याने केला, हे २०१७ मध्ये वृत्तपत्रांतून उघडकीस आले.

आमच्याकडे पापनिवेदनाच्या पीठाशी येणाऱ्या लहान मुलालाही क्रम पाठ असतो : पश्चात्ताप, कबुली, प्रायश्चित्त. येथे कबुली नाही, पश्चात्ताप नाही आणि प्रायश्चित्ताच्या जागी एकट्या एल्स यांना चार कोटी डॉलर! तरीही अशा प्रसंगी ‘झाले गेले विसरून जा, क्षमा करा, प्रभूने क्षमा शिकवली आहे’ असा उपदेश हमखास होतो आणि तो होतो तो पीडितेला. क्षमेचा असा वापर आम्हांला देवनिंदेच्या जवळ जाणारा वाटतो. क्षमा करण्याचा अधिकार जिच्यावर अन्याय झाला तिचा आहे. शेजाऱ्यांनी, संचालक मंडळाने किंवा धर्मगुरूने तो परस्पर बजावायचा नाही. आणि क्षमा केली म्हणजे गुन्हा लपवण्याचे कंत्राट घेतले, असाही अर्थ होत नाही.

चित्रपटात उणिवा नाहीत, असे नाही. त्याची गती जाहिरातींची आहे. जेथे थांबायला हवे तेथेही तो धावतो. केलीच्या राजकीय वादांत तो बराच वेळ खर्च करतो. ती वाहिनी रात्रंदिवस जे विकत होती, त्याच्याशी त्या दालनातल्या मस्तीचा काही संबंध होता काय, हा प्रश्न तो काठाकाठाने जाऊन सोडून देतो. सर्वांत भयंकर प्रसंग काल्पनिक मुलीच्या वाट्याला दिल्यामुळे संशयखोरांना सोय झाली आहे. आणि शेवटाकडे केय्ला केलीला विचारते की, तू तेव्हा बोलली असतीस तर आमचे काय झाले नसते, याचा विचार केलास का? खऱ्या मेगन केली यांनी चित्रपट पाहिल्यावर या संवादावर आक्षेप घेतला : हा तर पीडितेलाच दोष देण्याचा प्रकार झाला. त्यांचे म्हणणे आम्हांला पटते. आपल्या ओट्यावरचा प्रश्न पटकथाकाराने एका पीडितेच्या मुखी घालून दुसरीवर फेकला आहे. इतका चांगला चित्रपट करणाऱ्यालाही तो मोह आवरला नाही, यावरून त्याची मुळे किती खोल आहेत ते कळावे.

आमच्या वाचकांना एक कथा परिचयाची आहे. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात, सोमवारच्या मिस्सेत ती वाचली जाते. दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाची. दोन वडीलधारे, लोकांचे न्यायाधीश, तिला बागेत एकटी गाठतात आणि धमकावतात : वश हो, नाहीतर तुझ्यावर व्यभिचाराची साक्ष देऊ. ती ओरडते. तरी सभा त्यांच्यावर विश्वास ठेवते. का? ते वडीलधारे आहेत म्हणून, न्यायाधीश आहेत म्हणून. त्यांच्याजवळ पुरावा नाही, पद आहे. तिला दगडमार करायला नेत असताना तरुण दानिएल उठतो, दोघांना वेगवेगळे करतो आणि कोणत्या झाडाखाली पाहिले, एवढाच साधा प्रश्न विचारतो. दोघे दोन झाडांची नावे सांगतात.

या कथेवर आजवर जी प्रवचने झाली, ती बहुधा सुसान्नाच्या शीलावर झाली. आमच्या मते कथेचा जीव दानिएलच्या प्रश्नात आहे. तो सुसान्नाला विचारीत नाही की, तू बागेत एकटी स्नानाला का गेलीस. तो प्रश्न अधिकाऱ्यांना विचारतो. आणखी एक गोष्ट. सुसान्ना निष्कलंक होती, म्हणून तिची बाजू घेणे सोपे गेले. ‘बॉम्बशेल’मधल्या स्त्रिया तशा नाहीत. त्या महत्त्वाकांक्षी आहेत, कधी स्वार्थी आहेत, त्या वाहिनीच्या भडक कार्यक्रमांत त्यांचाही वाटा आहे. मग त्यांच्यावर झालेला अन्याय कमी होतो काय? सुसान्ना जर थोडी वेगळी असती, थोडी बोलभांड, थोडी नटवी, तर त्या दोन म्हाताऱ्यांचा गुन्हा तसूभर तरी घटला असता काय?

‘हे सारे अमेरिकेचे, आपल्याकडे असे नसते,’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की, मग आपल्या सर्वोच्च न्यायालयाला १९९७ मध्ये विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे का घालून द्यावी लागली? राजस्थानात बालविवाह थांबवू पाहणाऱ्या भंवरी देवी या खेड्यातल्या सेविकेवर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचाराचा आरोप झाला, त्यातून तो खटला उभा राहिला. पुढे २०१३ मध्ये कायदा झाला. आपली मुलेमुली विरार-चर्चगेट गाडीला लोंबकळत ज्या कार्यालयांत जातात, त्या सर्वांना तो लागू आहे. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईलाही तो लागू आहे, हे किती घरांत माहीत आहे?

या कायद्यात एक कलम असे आहे की, ते वाचून आम्हांला अभिमान वाटला. पीडितेच्या इच्छेने समेट करता येतो, पण पैसे हा समेटाचा आधार असू शकत नाही. जे अमेरिकेत डॉलरच्या थैल्यांनी झाले, त्याला आपल्या कायद्याने निदान कागदावर तरी आडकाठी केली आहे. तिकडे कार्लसन यांनी चालवलेल्या चळवळीमुळे २०२२ मध्ये कायदा झाला आणि लैंगिक छळाच्या तक्रारी सक्तीने खासगी लवादाकडे ढकलण्याची वाट बंद झाली.

परंतु आपल्या कायद्यातील दुसरे एक कलम आम्हांला खुपते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत झाली पाहिजे. अडचण सिद्ध झाल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मेगन केलीला दहा वर्षे लागली. नव्याने नोकरीला लागलेली, घरचे कर्ज डोक्यावर असलेली, धाकट्या भावाची फी भरणारी मुलगी सहा महिन्यांत साहेबाविरुद्ध उभी राहील, अशी अपेक्षा हा कायदा करतो. म्हणजे ‘इतके दिवस गप्प का बसलीस’ हा ओट्यावरचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातही जाऊन बसला आहे. याउलट दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलेला निकाल पाहावा. पत्रकार प्रिया रमाणी यांनी आपला १९९३ सालचा, मुंबईतील एका हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीच्या वेळचा अनुभव पंचवीस वर्षांनी एम. जे. अकबर यांचे नाव घेऊन सांगितला. अकबर यांनी आरोप नाकारले, त्यांचे केंद्रीय मंत्रिपद गेले आणि त्यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडताना म्हटले की, स्त्रीला आपले गाऱ्हाणे आपल्या पसंतीच्या व्यासपीठावर, आणि कित्येक दशकांनंतरही, मांडण्याचा अधिकार आहे.

आता आपल्या घराकडे वळतो, कारण दुसऱ्याच्या घरातील केर दाखवून आपला झाकणे हा या लेखाचा हेतू नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या मे महिन्यात, म्हणजे हा चित्रपट आला त्याच वर्षी, एक आज्ञापत्र काढले. ‘तुम्ही जगाचा प्रकाश आहात’ हे प्रभूचे शब्द त्याचे शीर्षक आहेत. त्याअन्वये अशा अत्याचाराची माहिती मिळताच ती वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना कळवणे प्रत्येक धर्मगुरूला व व्रतस्थाला बंधनकारक झाले. आणि त्यात बालकांवरील अत्याचारांबरोबरच अधिकाराचा गैरवापर करून कोणालाही लैंगिक कृत्यास भाग पाडणे येते. प्रथम ते प्रायोगिक होते. २०२३ मध्ये कायम झाले. ख्रिस्तसभेला असे आज्ञापत्र काढावे लागले, यातच आमच्याही अंगणात मौन कसे बांधून काढले गेले होते, याची कबुली आहे. आमच्या काही धर्मबंधूंना अशी चर्चा नियतकालिकांतून होणे रुचत नाही. ख्रिस्तसभेची बदनामी होते, असे ते म्हणतात. एल्स यांच्या समर्थनाचे सदरे वाटणाऱ्यांचेही हेच म्हणणे होते.

कायद्याप्रमाणे दहा वा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य आणि एक सदस्य बाहेरचा. नाही नेमली तर मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. आपल्या शाळा आहेत, पतसंस्था आहेत, दवाखाने आहेत, वसतिगृहे आहेत. यांपैकी किती ठिकाणी ही समिती खरोखर आहे? आणि जेथे आहे, तेथे बाहेरचा सदस्य हा संस्थाचालकांचाच मेहुणा तर नाही ना? समितीची माहिती कामाच्या जागी ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलेल्या फाइलीत ती असून उपयोग नाही. ती शिक्षिकांच्या खोलीत, शिपाईबाईंना वाचता येईल अशा मराठीत लावलेली असली पाहिजे. जेथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तेथील स्त्रीला, तसेच घरकाम करणाऱ्या बाईला, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाला आम्ही विनंती केली आहे की, पुढल्या सभेत भजनस्पर्धेच्या तारखा ठरवण्याआधी त्या समितीचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मिळवून चर्चच्या फलकावर लावावा.